घरात गहू चालत नसेल तर: चक्कीपासून ताटापर्यंत

अकोला, अमरावती, बुलडाणा, यवतमाळकडे ज्वारी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे तांदूळ. आणि दोन्हीकडे तूर, हरभरा, उडीद, जवस, तीळ. यातल्या एकाही धान्यात ग्लुटेन, म्हणजे गव्हात असतं ते चिकट प्रथिन, नाही. घरातल्या कोणाला गहू बंद झाला, तर शहरातून महागाचे पुडे मागवायची गरज पडत नाही. भाकर, गोळाभात, डाळभाजी, अंबाडीची भाजी, पाटवडी, आंबील हे सगळं मुळातच गव्हाशिवायचं आहे. खरी अडचण वेगळीच असते. गहू ताटात उघडपणे येतो त्यापेक्षा चक्कीतून, चाळणीतून, तव्यावरून आणि हिंगाच्या डबीतून जास्त येतो. त्यामुळे पदार्थ शिकण्याआधी हे दरवाजे बंद करायला शिकावं लागतं.

त्याच्याही आधीची एक गोष्ट. सिलिअ‍ॅकचा (ग्लुटेनमुळे आतड्याचं अस्तर झिजतं त्या आजाराचा) संशय असेल तर रक्ततपासणी होईपर्यंत पोळी बंद करू नका. या तपासणीत ग्लुटेनविरुद्ध शरीराने केलेल्या प्रतिक्रियेची खूण शोधतात. गहू आधीच सोडला तर ती खूण हळूहळू पुसली जाते आणि आजार असूनही अहवाल चांगला येतो. आधी तपासणी, डॉक्टरांनी सांगितलं तर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून बघणं, आणि मगच पथ्य. निदान पक्कं झालं की हे पथ्य जन्मभराचं असतं. सणावाराला एखादी पोळी चालेल, असं त्यात नसतं.

काय बंद आणि काय संशयाचं

गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य) ही तीन धान्यं बंद. गव्हात खपली, बन्सी, लोकवन, शरबती सगळे आले. खपली पचायला हलका म्हणून चालतो, असं गावोगाव सांगतात. मधुमेहात त्याचा काय उपयोग असेल तो असो, सिलिअ‍ॅकमध्ये खपली चालत नाही. मैदा, रवा, दलिया, शेवया, सरगुंडे, रोडगे, पानगे, बिट्ट्या हे तर सरळच गव्हाचे. कुरडई मात्र लोक विसरतात. गव्हाचा चीक धुऊन काढला तरी त्यात ग्लुटेन उरतंच. सातूचं पीठ गव्हाचं किंवा जवाचं असतं, तेही नको. दुधात घालायच्या बऱ्याच पावडरींमध्ये जवाचं माल्ट असतं.

संशयाच्या वस्तूंत पहिला नंबर हिंगाचा. बाजारातला बहुतेक हिंग बांधलेला असतो, म्हणजे पिठात कालवलेला, आणि ते पीठ पुष्कळदा मैद्याचं असतं. डबीवर घटक वाचा. तांदळाचं पीठ किंवा नुसता डिंक लिहिलेला असेल तरच घ्या. नाही मिळाला तर फोडणीत लसूण दुप्पट करा आणि जिरं वाढवा, काही अडत नाही. मग येते थालीपिठाची आणि चकलीची विकत भाजणी, तिच्यात गहू असू शकतो. कांडपावर कुटून आणलेलं तिखट-हळद, सुटं बेसन, बाजारातली शेव, सोया सॉस, ओट्स हेही त्याच रांगेत. पाकिटबंद मालावर ग्लुटेन असलेल्या धान्याचा उल्लेख करणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. सुट्या मालाला असं कुठलंच बंधन व्यवहारात नसतं. म्हणून हरभरा डाळ आणून बेसन घरी करणं चांगलं.

चक्की

सगळ्यात जास्त घात होतो तो इथे. गावच्या चक्कीवर दिवसभर गहू दळला जातो. मधेच तुमचा ज्वारीचा डबा लागला तर दगडांच्या फटीत, पीठ पडायच्या तोंडाला बांधलेल्या कापडात आणि खालच्या पेटीत अडकलेली कणीक तुमच्या पिठात उतरते. चक्कीवाल्याला सांगून सकाळचं पहिलं दळण घेतलं, कापड झटकलं, पहिले दोन किलो पीठ वेगळं काढून गुरांना घातलं, तरी ते पीठ पुरतं स्वच्छ होत नाही. ज्याला नुसता गहू जड जातो त्याच्यासाठी एवढं ठीक. सिलिअ‍ॅकच्या माणसाला हे पुरेसं नाही.

उपाय तीन आहेत. पहिला, घरातलं जातं. अडगळीत असेल तर काढा, पाण्याने खसखसून धुवा, दोन दिवस कडक उन्हात वाळवा आणि आधी दोन-तीन मुठी तांदूळ दळून ते पीठ टाकून द्या. दुसरा, घरघंटी. गावात अशी दोन-तीन घरं असतील तर मिळून एक घ्या आणि तिच्यात गव्हाचा एक दाणाही जाऊ देऊ नका. तिसरा उपाय सगळ्यात सोपा आणि सगळ्यात दुर्लक्षित: पीठच कमी वापरा. भात, भरडलेल्या डाळी, उकडलेल्या घुगऱ्या, आणि भिजवून मिक्सरमध्ये वाटलेल्या धान्याची धिरडी यांना चक्की लागतच नाही.

धान्य निवडणंही आलंच. मळणीयंत्र तेच, पोती तीच, व्यापाऱ्याचं मापही तेच, म्हणून ज्वारीत गव्हाचे दाणे निघतातच. मोठ्या ताटात मूठ-मूठ पसरून दोनदा निवडा. ज्वारीचा दाणा गोल, गव्हाचा लांबट आणि मधे चीर असलेला. उजेडात लगेच ओळखू येतो. मग धुवा आणि स्वच्छ कापडावर वाळवा. शेजारी गहू वाळत असेल तर जागा बदला. पावसात सापडलेली, काळपट पडलेली खरिपाची ज्वारी घेऊ नका. तिला बुरशी लागलेली असते, भाकर कडवट होते, आणि आजारी आतड्याला ती अजिबात नको.

भांड्यांत चाळणी, पोळपाट-लाटणं, लाकडी सराटा (उलथणं) आणि तवा वेगळे ठेवा. स्टीलचा गंज (पातेलं), वाटी, परात घासून धुतली की चालते. चाळणीच्या जाळीत आणि लाकडाच्या चिरांत बसलेली कणीक मात्र धुऊन निघत नाही. ज्याला दोन तवे ठेवायला जमत नाही त्याने निदान क्रम पाळावा: आधी भाकर, ती झाकून ठेवायची, मग पोळ्या.

भाकर फाटते का

गव्हाच्या कणकेला धरून ठेवतं ते ग्लुटेन. ज्वारीत ते नाही, म्हणून तिला धरायचं काम पिठातल्या स्टार्चकडून करून घ्यावं लागतं. स्टार्च गरम पाण्यात फुगतो आणि चिकट होतो. उकळतं पाणी हेच या सगळ्या स्वयंपाकाचं गमक आहे. पुढचे बरेच पदार्थ याच एका गोष्टीवर उभे आहेत.

दोन मध्यम भाकरींना दीड वाटी पीठ घ्या. मधे खळगा करून त्यात साधारण पाऊण वाटी उकळतं पाणी ओता, सराट्याने कालवा, झाकून पाच मिनिटं थांबा. मग हाताला सोसेल इतकं गरम असतानाच तळहाताच्या टाचेने रेटून मळा. चार-पाच मिनिटं मळल्यावर गोळा गुळगुळीत होतो, दाबल्यावर कडेला चिरा पडत नाहीत. लागलं तर कोमट पाण्याचा हात घ्या. एका वेळी एका भाकरीपुरतंच पीठ मळा. मळून ठेवलेला गोळा सुकतो. परातीत कोरडं पीठ पसरून थापा आणि कडा मधल्या भागापेक्षा जाड राहू देऊ नका.

तवा आधी चांगला तापलेला हवा. कोरड्या पिठाची बाजू वर ठेवून भाकर टाका आणि लगेच वरून पाण्याचा हात सगळीकडे फिरवा. ते पाणी जेमतेम सुकायला आलं की उलटा. इथेच बहुतेकांची भाकर बिघडते: पाणी पूर्ण वाळू दिलं तर पापुद्रा चिरतो आणि भाकर फुगत नाही, लवकर उलटलं तर तव्याला चिकटते. पाणी लावलेली बाजू तव्यावर नीट भाजू द्या, मग दुसरी बाजू निखाऱ्याकडे करून शेका. टम्म फुगली की आतपर्यंत शिजली.

कडा फाटत असतील तर तीन कारणं तपासा: पाणी पुरेसं गरम नव्हतं, मळणं कमी पडलं, किंवा पीठ जुनं आहे. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. ज्वारीच्या अंकुरात तेल असतं, ते पिठात मोकळं होऊन आठ-दहा दिवसांत खवट होऊ लागतं, उन्हाळ्यात तर त्याहून लवकर. म्हणून आठवड्याला लागेल तेवढंच दळा.

कळण्याची भाकर यापेक्षा सोपी आणि जास्त सकस. एक किलो ज्वारीला पाव किलो सालीचे उडीद आणि दोन चहाचे चमचे मेथ्या घालून एकत्र दळा. मीठ मळताना घाला. उडदाच्या चिकटपणामुळे ही भाकर नवख्या हातालाही फाटत नाही. शिवाय ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन कमी असतं, ते उडदातून भरून निघतं. पोळीऐवजी रोज खायची भाकर कोणती, असं विचारलं तर उत्तर हेच.

शाळेच्या डब्यासाठी उकडीची मऊ भाकर करा. एक वाटी पाण्यात चिमूट मीठ आणि चमचाभर तेल घालून उकळा, आच बंद करून एक वाटी ज्वारीचं पीठ घाला, ढवळून दहा मिनिटं झाकून ठेवा. गरमच मळा, प्लास्टिकच्या दोन कागदांमधे लाटा आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजा. कापडात गुंडाळली की दुपारपर्यंत मऊ राहते, तिची गुंडाळीही होते.

चक्कीशिवायची धिरडी

दोन वाट्या निवडलेली ज्वारी बारा तास भिजवा, अर्धी वाटी उडदाची डाळ आणि अर्धा चहाचा चमचा मेथ्या वेगळ्या चार तास. ज्वारीचा दाणा कठीण, तिला वेळ द्यावाच लागतो. आधी ज्वारी थोड्या पाण्यात बारीक वाटा, मग डाळ हलकी होईपर्यंत, आणि दोन्ही एकत्र फेटा. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत पीठ आंबतं, त्याहून ठेवलं तर आंबट होतं. थंडीत चुलीजवळ झाकून रात्रभर ठेवावं लागतं. मीठ, वाटलेली हिरवी मिरची-लसूण आणि मूठभर सांभार (कोथिंबीर) घालून तव्यावर पातळ पसरा. कडा आपोआप सुटेपर्यंत हात लावू नका. ओढून काढलेलं धिरडं फाटणारच. आंबवल्यामुळे धान्यातलं लोह शरीराला जास्त सहज मिळतं, आणि सिलिअ‍ॅकच्या माणसात लोह बहुधा कमी पडलेलंच असतं.

गोळाभात

पाहुण्यांना वेगळं आणि पथ्यवाल्याला वेगळं असं करायची वेळ या पदार्थात येत नाही, म्हणून त्याच्यावर हात बसवा. चौघांसाठी दीड वाटी तांदूळ आणि एक वाटी हरभरा डाळीचा भरडा. भरडा रव्यासारखा जाडसर हवा. बारीक बेसनाचे गोळे दगडासारखे होतात.

भरड्यात एक चमचा तिखट, पाव चमचा हळद, पाऊण चमचा मीठ आणि अर्धा चमचा जिरं घाला. दोन मोठे चमचे तेल कडकडीत तापवून वरून ओता. हे मोहन सगळ्या भरड्याला बोटांनी चोळून लावा, मूठ दाबली की आकार धरला पाहिजे. मग चार-पाच मोठे चमचेच पाणी घालून घट्ट मळा, दहा मिनिटं ठेवा आणि लिंबाएवढे आठ गोळे वळा.

तांदूळ धुऊन साडेतीन वाट्या पाण्यात गंजात शिजत लावा. पाणी भाताच्या पातळीला आलं, वर छोटी छोटी छिद्रं दिसू लागली, की गोळे हलक्या हाताने भातावर ठेवा आणि अर्धे आत दाबा. झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटं. पाणी खळखळत असताना गोळे टाकले तर ते विरघळून भात पिवळा चिखल होतो; फार उशिरा टाकले तर मधे कच्चे राहतात. एक गोळा फोडून बघा, आतला रंग सगळीकडे सारखा दिसला पाहिजे.

अर्धी वाटी फल्लीच्या (शेंगदाण्याच्या) किंवा करडीच्या तेलात मोहरी, भरपूर ठेचलेला लसूण आणि चार-पाच लाल मिरच्या तळा. ताटात गोळा भातात कुस्करून वरून ही गरम फोडणी घ्यायची, लिंबू पिळायचं. सोबत कढी असेल तर ती डाळीचं पीठ लावलेली, आणि ते पीठ घरचं.

सांभारवडी आणि पोळ्याचं पुरण

वडीचं वरचं आवरण मैद्याचं किंवा कणीक-बेसनाचं असतं, तेवढंच बदलायचं. एक वाटी पाण्यात तिखट, मीठ आणि मोठा चमचा तेल घालून उकळा, एक वाटी तांदळाचं पीठ घालून पाच मिनिटं वाफ द्या. इकडे एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवा, तिचा बुळबुळीत चीक होतो. कोमट उकडीत हा चीक आणि घरचं बेसन थोडं थोडं घालत मळा. अर्धी वाटी बेसन साधारण पुरतं. बोटाला चिकटायचं थांबलं की थांबा. जवसाचा चीक इथे ग्लुटेनच्या जागी काम करतो, दुमडताना आवरण चिरू देत नाही. तेल लावलेल्या प्लास्टिकवर नेहमीपेक्षा थोडं जाड लाटा आणि बाकीचे गोळे ओल्या कापडाखाली ठेवा.

सारणाचा सांभार आदल्या संध्याकाळी धुऊन कापडावर पसरून ठेवा. ओल्या सांभाराचं पाणी तळताना सुटतं आणि वडी तेलात फुटते. तीळ, खसखस, भाजलेलं सुकं खोबरं, आलं-लसूण-मिरची, काळा मसाला घालून दोनच मिनिटं परता. आतून चिंच-गुळाचं पाणी लावून भरा, कडा पाण्याच्या बोटाने दाबून बंद करा आणि मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं तळा. तेल त्याच दिवसाचं ताजं असावं. ज्या कढईत आधी करंज्या किंवा शंकरपाळे तळले ते तेल गाळूनही चालत नाही.

पोळ्याला पुरणपोळी चुकते, तर पुरणाचे दिंड करा. एक वाटी हरभरा डाळ शिजवून निथळा, पाऊण ते एक वाटी गूळ घालून कलथा उभा राहील इतकं घट्ट आटवा, वेलची-जायफळ घाला. तांदळाच्या पिठाची वरच्यासारखीच उकड, फक्त तिखटाऐवजी चमचाभर तूप. पारीत पुरण भरून चौकोनी दुमडा आणि दहा-बारा मिनिटं वाफवा. वरून तुपाची धार. बैलांच्या नैवेद्याच्या पोळ्या त्याच घरात होणार असतील तर हे दिंड सकाळी सगळ्यात आधी करून झाकून ठेवा. कणीक चाळताना उडालेलं पीठ बराच वेळ हवेत राहतं आणि मग उघड्या भांड्यांवर बसतं.

अक्षय्य तृतीयेच्या आमरसासोबत सरगुंड्यांऐवजी तांदळाच्या उकडीच्या शेवया सोऱ्यातून पाडून वाफवा. रसात त्या सरस लागतात.

ताट रिकामं राहू नये म्हणून

गहू गेला की लोक साबुदाणा, पांढरा भात आणि बटाटा यांवर येतात. पोट भरतं, पण तंतू, लोह आणि प्रथिनं कमी पडतात. 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम प्रथिनं आणि 10 ग्रॅम तंतू असतात. साबुदाण्यात जवळजवळ नुसता स्टार्च. रोजच्या ताटात एक भाकर किंवा धिरडं, एक डाळ, एक पालेभाजी आणि एक तेलबियांची चटणी एवढं सांभाळा.

पालेभाजीत अंबाडी उत्तम. एक जुडी उकडून पाणी पिळा, अर्धी वाटी तुरीची डाळ आणि मूठभर ज्वारीच्या कण्या एकत्र शिजवून घोटा, वर लसूण-लाल मिरचीची फोडणी. चटणीला एक वाटी जवस तडतडेपर्यंत कोरडे भाजा, गार झाल्यावर लसूण, तिखट, मीठ घालून भरडच वाटा. जवसाचं तेल लवकर खवट होतं, म्हणून चटणी आठ-दहा दिवसांचीच करा आणि बरणीत कोरडाच चमचा घाला. भंडारा-गोंदियाच्या तलावांतला शिंगाडा वाळवून घरी दळला तर थालीपिठाला चांगला चिकटपणा देतो.

निदान नवीन असेल तेव्हा काही जणांना सुरुवातीला दूधही पचत नाही, कारण आतड्याचं अस्तर झिजलेलं असतं. तेव्हा ताक, दही घेऊन बघा. ज्वारीचं आंबील यासाठी चांगलं: चार मोठे चमचे पीठ एक वाटी ताकात रात्रभर भिजवा, सकाळी दोन वाट्या पाणी उकळून त्यात ढवळत सोडा, सात-आठ मिनिटं शिजवा, मीठ-जिरं घाला.

लग्नाच्या पंगतीत भात-वरण सुरक्षित वाटतं, पण तिथेही आधी आचाऱ्याला हिंगाबद्दल आणि वरणाला पीठ लावलं आहे का ते विचारा. रश्शाच्या भाजीला घट्टपणासाठी कणीक लावण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. वाढप्याने पोळीवर टेकवलेला डाव भातात घालण्याआधी, म्हणजे पंगत बसायच्या आत, पथ्याचं ताट वेगळं वाढून घ्या. तर्री पोह्यांच्या गाडीवर पोहे चालतात, त्यावरची शेव आणि त्याच कढईत समोशांसोबत तळलेला आलुबोंडा नाही.